येळवशीचं आवतण

निलंगा, १ जानेवारी २०२५

नागू,

आज तुला जयभीम घालत नाही. रागात घातलेला नमस्कार पोचत नसतो, वाटेतच आंबतो.

परवा येळवस झाली आणि तू आली नाहीस. काल फोन केला तर अश्वजितनं उचलला. म्हणतो, "आई झोपलीय." दुपारी बारा वाजता? तुला दुपारी झोपलेली तुझ्या सासूनंसुद्धा कधी बघितली नसेल. म्हणून पत्र लिहिते. फोन ठेवून देता येतो, पत्र वाचावं लागतं. अक्षर लागत नाही असं सांगू नको. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आपल्या दोघींत एक पाटी होती, अर्धी तुझी, अर्धी माझी. माझं वाकडं अक्षर तुझ्याच कोपराच्या धक्क्यानं झालंय.

लेकाकडं नांदेडला, विष्णुपुरीला राहायला गेलीस म्हणून विसरलीस की काय? मार्गशीर्षातल्या अवसेला निलंग्यात कुत्रंसुद्धा घरी राहत नाही. सगळं गाव शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो, आणि ज्याला बोलावलं तो येतो. आजारी असला तरी येतो, भांडण असलं तरी येतो. येळवशीला भांडण सुट्टीवर असतं, हे तूच म्हणायचीस.

यंदा माझ्या पोरानं, सत्यमनं, लई मोठं केलं. त्याला नगरपालिकेला उभं राहायचंय, म्हणून शेतात मांडव, कमान, कमानीवर त्याचा हात जोडलेला फोटो. शेताला लोखंडी फाटक बसवलं. दिवाळीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी काठीवर. तर मला खुर्चीत बसवलं आणि गळ्यात हार घातला. जिवंत माणसाला हार घालून बसवलं की ते फोटोतच जमा.

गर्दी मायंदळ होती. पण नागू, मी खुर्चीतून बघत होते आणि मला माणूस दिसेना. सगळे एका वाणाचे. एका दुकानातले फेटे, एकसारखे जॅकेट, एकसारखं हसणं. पिशवीतल्या बियाण्याची ज्वारी कशी एका उंचीत येते, तसं. मी वाट बघत होते, आता आपल्या जुन्या गल्लीतली बसम्मा येईल आणि कन्नडमध्ये माझ्या साडीला नावं ठेवील. आता खाजाभाई टेलर येईल आणि तिसऱ्या पेल्यानंतर म्हणेल, "भाभी, और नक्को. ये आंबील पीके मैं सायकल पे नै, सायकल मेरे पे जाती." कुणी नाही. कडब्याच्या कोपीभोवती आंबील शिंपडताना "ओलगे ओलगे" अशी हाक द्यायला मडिवाळप्पा नव्हता. सत्यमनं ती हाक स्पीकरवर लावली. दरसाली तो हाक द्यायचा आणि आपण सगळे मागनं ओरडायचो. परवा डबा ओरडला आणि लोक फोटो काढत होते.

आणि भज्जी. लातूरच्या आचाऱ्यानं केली. शेंगा-पालेभाज्या दिसेनात, नुसत्या बेसनाच्या गुठळ्या. तो लाकडी चाटू तुझ्या हाताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला ऐकतच नाही, हे तुला ठाऊक असून तू आली नाहीस.

सगळी गल्ली मिळून माझ्यावर फुगलात का? मी नव्या कॉलनीत राहायला गेले म्हणून? मग तसं तोंडावर सांगायचं होतं. न येऊन माणसाला मारू नये.

उद्या पेटीत टाकते. उत्तर दे, नाहीतर देऊ नको.

साखरा


निलंगा, ६ जानेवारी

नागू,

मागचं पत्र फाडून चुलीत घाल. फाडलं असशील तर राख झटक.

काल मी बसम्माशी भांडायला गेले. ती अजून एसटी स्टँडावर गजरेच विकते. तिला म्हणाले, "काय गं, आमची आंबील आंबट लागली का यंदा?" ती सुईत दोरा घालत होती. वर न बघता म्हणाली, "बोलावणं न्हवतं ते यायचं कसं, अक्का?"

"आन् नागू? तिला काय झालं यायला?"

तेव्हा तिनं सुई खाली ठेवली. "बंदिद्दळु," म्हणाली. "आली व्हती ती."

मग तिनं सांगितलं. तू सकाळच्या नांदेड गाडीनं आलीस. पिशवीत माझ्यासाठी पेरू होते. स्टँडावरनं रिक्षा करून शेतावर गेलीस. फाटकावरची पोरं कूपन मागत होती, तुझ्याजवळ नव्हतं. पोरांनी सत्यमला बोलावलं. सत्यम आला, त्यानं तुला ओळखलं, आणि म्हणाला, "मावशी, आत लई गर्दी हाय. इथंच बांधावर बसा, निवांत खावा." मग पत्रावळीवर भज्जी आणि बाजरीचे उंडे आणून तुझ्यापुढं ठेवले. तू ते तसंच ठेवून उठलीस. स्टँडावर येऊन बसम्माच्या टोपलीजवळ बसलीस आणि माझे पेरू तुम्ही दोघींनी खाल्ले.

मी आत होते, नागू. हाकेच्या अंतरावर, हार घालून.

घरी आले ती काठी आपटतच आले. सत्यम जेवत होता.

"तू सगळ्यांना सांगितलं म्हणाला व्हतास."

"सांगितलं की. ग्रुपवर टाकलं."

"कुठल्या?"

"'आपली माणसं'वर."

"त्यात बसम्मा हाय?"

"ती कशाला आसंल, आई? तिच्याकडं बटनाचा फोन हाय."

"खाजाभाईकडं मोठा हाय."

तो भाकरी मोडत राहिला.

"आन् नागू?"

"मावशी नांदेडला ऱ्हातेत."

"नांदेडला टावर न्हाई का?"

मग त्याचा आवाज चढला. "मी त्यांना उपाशी धाडलं का? ताट दिलं. आत आमदाराची माणसं बसली व्हती. कोण कुठं बसलंय ते बघायली व्हती. तुला राजकारण कळत न्हाई."

मला राजकारण कळत नाही. पण बांध कळतो. माझ्या सासूच्या काळात तुझ्या सासूला त्याच बांधावर वाढायचे. वरून, हात उंच धरून. ते मी नव्या नवरीच्या पदराआडून बघितलंय. मग त्या साली माझ्या सासूचा हात भाजला, भज्जी करपायला लागली आणि तू बांधावरनं उठून आलीस आणि चाटू हातात घेतलास. कुणाला काय म्हणायचं होतं ते म्हणायला तोंड मोकळं नव्हतं, सगळ्यांना भूक लागली होती. त्या दिवसापासून चाटू तुझा. तू कोपीतल्या पाच पांडवांच्या दगडांना हात जोडत नाहीस, मी जोडते. मी तुला कधी विचारलं नाही, तू मला कधी हसली नाहीस. खाजाभाई रोजा असला तर नुसता बसायचा आणि आपल्यालाच जास्त वाढायचा. हे सगळं कुणी ठरवून केलं नव्हतं. ज्वारीत करडईचं तास टाकतो तसं आपोआप पडत गेलं, आणि त्या काट्यांनीच शेत राखलं.

आणि माझ्या पोटच्या पोरानं एका दुपारी तुला उचलून पुन्हा तुझ्या सासूच्या जागी बसवलं. वर म्हणतो, ताट दिलं.

त्याच्या ताटात पाणी ओतणार होते. उज्वलानं माझा हात धरला. सून आहे, पण माणूस आहे ती. मी गोधडी उचलली आणि तिला म्हणाले, "रिक्षा बोलव. मी शेतात चालले."

येळवस झाली की कोप मोडतात आणि कडबा जनावरांना घालतात. यंदाची कोप अजून उभी आहे. ती मोडायची नाही. सत्यम दारोदार जाऊन तोंडानं आवतण देईल, माफी मागेल, तोवर मी तिथंच.

तुझी का कोण, ते तू ठरव,
साखरा


शेतातून, १३ जानेवारी, भोगी

नागू,

कोपीत आठवडा झाला. गुडघा रात्री ठणकतो. हे तुला कौतुक वाटावं म्हणून लिहीत नाही, शेकायची वीट तापेपर्यंत हात मोकळा आहे म्हणून लिहिते.

लोक बघायला येतात. आमच्या कॉलनीतल्या बायका आल्या होत्या. चौघी आल्या, चौघींच्या पर्सा सारख्या. एक म्हणाली, "काकू, लेकाचं नाव खराब व्हायलंय." मी म्हणाले, "नाव चांगलं असतं तर खराब झालं असतं." दुसरी म्हणाली, "आपल्यातलं आपल्यात मिटवावं." मी विचारलं, "आपल्यातलं म्हणजे कुठवर? बोट दाखव." गार हवेचं कारण सांगून गेल्या.

नागू, या कॉलनीत मी दोन वर्षं राहते, आणि काय बिघडलंय ते मला कळत नव्हतं. वाटायचं, म्हातारपणानं ऐकू कमी येतंय. जुन्या गल्लीत सकाळ कानानं कळायची. आधी मशिदीची बांग, मग मडिवाळप्पाचं कन्नडमधलं खाकरणं आणि बायकोवर ओरडणं, मग तुझ्या घरातली वंदना, मग माझी आरती. इथं सगळ्या घरांत एकच आवाज, एकच मालिका, एकच भाजी. पाट्यांवरची नावंसुद्धा एकमेकांच्या पावण्यांची. माझे कान चांगले आहेत. ऐकायलाच काही नाही.

उज्वला आज बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन आली. भाजीत पावटा, हरभरा, गाजर, वांगं, बोर. मी म्हणाले, "नवऱ्याला दाखव ही. म्हणावं, एकच शेंग टाकली तर ह्याला वरण म्हणतेत."

ती म्हणाली, "आत्या, ते उद्या नांदेडला जाणार म्हणलेत. मावशींना भेटायला."

खोटं कशाला बोलू, माझा जीव जरा भांड्यात पडला. माझा पोरगा आहे. लहानपणी तुझ्या पाठीवर बसून बैलपोळा बघितलेला. वाटलं, जाईल, पायरीवर बसेल, तू दोन शिव्या देशील, तो मान खाली घालील.

तो येईल तेव्हा दार उघड एवढंच. पाणी दे, नको देऊ.

साखरा


शेतातून, १७ जानेवारी

नागू,

तुझं पत्र आणि त्याची बातमी एकाच दिवशी आली.

बातमी आधी सांगते. उज्वलानं फोनवर फोटो दाखवला. तुझ्या दारात सत्यम, त्याचे दोन मित्र, आणि मधी तू. खांद्यावर शाल, हातात नारळ. तुझे डोळे मी ओळखते. परका माणूस धार काढायला बसला की गाय अशी बघते. फोटोखाली लिहिलंय, "आमच्या घरच्या जुन्या शेतमजूर नागुबाई यांचा संक्रांतीनिमित्त सन्मान." त्याखाली अंगठे, हात जोडलेले, फुलं.

शेतमजूर. तू झेडपीच्या शाळेत सेविका होतीस, पेन्शन घेतेस. माझ्या शेतात एक दिवस रोजानं आली नाहीस. आलीस ती येळवशीला, मैत्रीण म्हणून. त्याच्या डोक्यात तुझ्यासारख्या बाईला आमच्या शेतात यायला दुसरं कारणच असू शकत नाही. एवढी शाळा शिकला आणि त्याच्या डोक्यात हेच उगवलं. मी कुठं कमी पडले ते मला सापडेना, म्हणून मी त्या कोपीचा एक खांबच हलवत बसले. उज्वला म्हणाली, "आत्या, पडंल." म्हणाले, "पडू दे."

मग तुझं पत्र वाचलं. बसम्माच्या पत्त्यावर धाडलंस, शहाणी आहेस. ते पत्र आता माझ्या तोंडपाठ आहे, तरी इथं उतरवते. कारण तू काय लिहिलंस ते मला नीट कळलं का, ते तुलाच तपासायचंय.

"साखरे, शाल परत धाडलीय, मला थंडी वाजत न्हाई. फोटू काढू का म्हणून तुझ्या पोरानं विचारलं न्हाई. बांधावर वाढलं तवाबी विचारलं न्हवतं. तू कोपीतनं घरी जा. माझ्या नावानं गारठून मेलीस तर तेबी माझ्याच डोक्यावर येईल, पेपरात तुझा फोटू आन् माझी जात. मला तुझा उपास नको, मी मागितला न्हाई. मी तुझ्यावर रागावले न्हाई आसं समजू नको. मी आवतणाची वाट बघितली. आलं न्हाई तरी आले, कारण मला वाटलं मला आवतण लागत न्हाई. ते वाटणं गेलं. ते तुला आन् मला दोघींनाबी परत आणता येत न्हाई."



बरोबर आहे तुझं. मी इथं बसून तुझा अपमान माझा करून घेतला. लोक मला बघायला येतात, तुला कोण विचारतं?

मी कोप मोडली. उज्वलानं आणि मी मिळून. कडबा गाईला घातला. आज घरी चालले. पण राग घरी नेते, तो इथं ठेवत नाही.

साखरा


निलंगा, २ फेब्रुवारी

नागू,

हे शेवटचं. यापुढं लिहिणार नाही, का ते खाली कळेल.

तुझी शाल एसटीच्या पार्सलनं सत्यमच्या खताच्या दुकानावर आली. दुकानात गिऱ्हाईकं होती. त्याला वाटलं खताचं सँपल, म्हणून सगळ्यांपुढं उघडलं. शाल, नारळ, आणि वर तुझ्या हातचा कागद, "चुकून माझ्याकडं आलं." मी तिथं नव्हते. ज्यानं सांगितलं तो हसता हसता खुर्चीवरनं पडत होता.

संध्याकाळी मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. तो म्हणाला, "मला वाटलं तेवढंच मावशीला बरं वाटंल."

मी काही बोलायच्या आत उज्वला उठली. तिनं त्याचं ताट वाढलं. भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं नीट. आणि ते उचलून आमच्या घराच्या फाटकाबाहेर कट्ट्यावर नेऊन ठेवलं.

"हे काय?" तो म्हणाला.

"आत लई गर्दी हाय," ती म्हणाली. "इथं बसा. निवांत खावा."

घरात आम्ही तिघंच. समोरच्या गॅलरीत त्या चार पर्सवाल्यांपैकी दोघी उभ्या होत्या. सत्यम ताटाकडं बघत उभा राहिला. शिव्या देईल वाटलं, दिल्या नाहीत. जेवलाही नाही. पिठलं साय धरून गार झालं, शेवटी मांजरानं खाल्लं. नागू, मी आई आहे, त्या रात्री मीही जेवले नाही. पण मी त्याला आत बोलावलं नाही.

सकाळी चहाला बसला आणि म्हणाला, "आधी कुणाकडं जायचं?"

मनातून म्हणाला का मला आणि बायकोला भिऊन म्हणाला, ते मला अजून ठाऊक नाही. मनातून पटल्यावर ये म्हणाले असते तर माझ्या दहाव्याला आला असता. म्हणून म्हणाले, "चप्पल घाल."

जुन्या गल्लीत गेलो. मी काठीवर पुढं, तो मागं. आधी मडिवाळप्पाचं दार. भाषणाला माईक लागतो त्याला, दारात उभं राहून बोलायचं तर घाम फुटला. कसाबसा म्हणाला, "आप्पा, येळवशीला यायचं."

मडिवाळप्पा म्हणाला, "येळवस होऊन महिना झाला की रे."

"पुढच्या."

"आन् तवर मी मेलो तर?"

मी म्हणाले, "मेलास तर बायकोला धाड. तिची हाक तुझ्यापेक्षा मोठी हाय."

खाजाभाईनं मशीन थांबवलं नाही. पायानं चालवत म्हणाला, "आता हूँ. लेकिन बेटा, मेसेज नक्को भेजना, मेरा फोन आजकल सिर्फ अपने लोगों का उठाता." सत्यमचे कान लाल झाले. होऊ देत.

बसम्मा स्टँडावर होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गजरा गुंफत म्हणाली, "मराठीत मला ऐकू येत न्हाई." सत्यम तिच्याच अंगणात रांगत मोठा झालाय, भूक लागली की तिच्या भाषेत रडायचा. उभा राहिला, उभा राहिला, आणि म्हणाला, "अव्वा, ऊटक्क बर्री." जेवायला या. भर स्टँडावर म्हणाला. बसम्मानं मान हलवली आणि त्याला गजऱ्याचे पैसे मागितले. गजरा घेतला नव्हता तरी दिले त्यानं.

शेताचं लोखंडी फाटक काढलंय. पाण्याच्या पाटावर आडवं टाकलं, आता त्यावरनं लोकांच्या शेळ्या जातात. "आपली माणसं"वर काय चाललंय ते मी विचारत नाही. त्याचं तिकीट जाईल असं ऐकते. जाऊ दे की, तिकीट गेलं तर एसटीचं काढता येतं.

आता तुझं.

तू लिहिलंस, ते वाटणं परत आणता येत नाही. मी आणायला येत नाही. मी फुटलेल्या मडक्याला सांधा लावणारी बाई नाही, तूही नाहीस. पण आवतण कागदावर देत नसतात, फोनवर देत नसतात. दारात जाऊन तोंडानं द्यायचं असतं, म्हणजे समोरच्याला तोंडावर नाही म्हणता येतं. ती सोय मी तुला देणार आहे. पुढच्या सोमवारच्या सकाळच्या गाडीनं आम्ही येतोय. बोलणार सत्यम. मी त्याच्या मागं उभी राहीन, एक अक्षर काढणार नाही. अश्वजित आणि तुझी नात धम्मप्रिया घरी असतील तर त्यांच्यासमोर बोलेल तो. पोरगी आता कॉलेजात आहे, तिलाही ऐकू दे. सत्यम संगं येतो म्हणाला तेव्हा एकच सांगितलं, फोन घरी ठेव.

दार उघडायचं का नाही ते तू बघ. नाही उघडलंस तर तो दारालाच सांगेल आणि दुपारच्या गाडीनं आम्ही परत.

चाटू मी सोबत आणतेय. घासून, तेल लावून ठेवलाय. दार उघड किंवा नको उघडूस, तो तुझ्या पायरीवर ठेवून येणार आहे. आमच्या घरात दुसरा नाही, आणि मी दुसरा करू देणार नाही. पुढच्या येळवशीला आमच्या शेतात भज्जी होईल का नाही, हे आता आमच्या हातात ठेवलेलं नाही.

जयभीम.

साखरा